उच्चदर्जाचे ध्वनी-फॉरमॅट आणि सामान्य श्रोता : एका गृहीतकाची चिकित्सा

प्रस्तावना

ध्वनिमुद्रित संगीताचा इतिहास हा बराचसा आश्वासनांचा इतिहास आहे. मेणाच्या नळकांड्यापासून आजच्या स्ट्रीमिंगपर्यंत प्रत्येक नव्या साधनाने 'आता मूळ गायन आणि त्याची प्रत यांत भेद उरला नाही' असाच दावा केला. थॉमस एडिसनच्या कंपनीने १९१५ ते १९२५ या काळात अमेरिकेत जाहीर प्रयोग केले. रंगमंचावर गायिका आणि तिच्या शेजारी ग्रामोफोन असे. मध्येच अंधार केला जाई आणि गात आहे ते माणूस की यंत्र हे श्रोत्यांना ओळखायला सांगितले जाई. श्रोते फसत, अशा बातम्या छापून येत. या प्रयोगांत गायिका आपला आवाज यंत्राच्या आवाजाशी जुळवून घेत असत, हे पुढे उघड झाले. म्हणजे प्रतीने मुळाची बरोबरी करण्याऐवजी मुळानेच प्रतीची बरोबरी केली होती.

अशा आश्वासनांपैकी काही लोकांनी उचलून धरली, तर काहींकडे साफ दुर्लक्ष केले. या स्वीकार-नकाराची मीमांसा करताना ध्वनितज्ज्ञ आणि जाणकार रसिक यांच्याकडून एक गृहीतक सर्रास वापरले जाते. सामान्य श्रोत्याला चांगल्या आवाजाची चाड नाही, त्याचे कान बिघडलेले आहेत, स्वस्त आणि सोपे मिळाले की त्याचे भागते, असे ते गृहीतक होय. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची तपासणी करावयाची आहे. प्रस्तुत लेखक भाषा-साहित्याचा अध्यापक असून ध्वनितंत्राचा तज्ज्ञ नाही, हे आरंभीच नमूद केलेले बरे. तथापि श्रोत्याविषयी केलेले विधान हे अंतिमतः अभिरुचीविषयीचे विधान असते, आणि अभिरुचीची चर्चा केवळ अभियंत्यांवर सोपवता येत नाही.

सुपर ऑडिओ सीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ

विवेचनासाठी सर्वांत बोलके उदाहरण या दोन फॉरमॅटचे आहे. १९८२ साली सोनी आणि फिलिप्स यांनी बाजारात आणलेली कॉम्पॅक्ट डिस्क ध्वनीची नोंद सेकंदाला ४४,१०० वेळा आणि प्रत्येक वेळी १६ बिटमध्ये करते. याच दोन कंपन्यांनी १९९९ मध्ये सुपर ऑडिओ सीडी आणली. तिची नोंदणीपद्धती पूर्णतः वेगळी होती. नमुना एकाच बिटचा, पण घेतला जाई सीडीच्या ६४ पट वेगाने. लगोलग, २००० मध्ये, प्रतिस्पर्धी गटाची डीव्हीडी-ऑडिओ आली. ती २४ बिट आणि १९२ किलोहर्ट्झपर्यंत जात असे. तिच्या आगमनास विलंब झाला त्याचे कारणही लक्षणीय आहे. १९९९ च्या अखेरीस डीव्हीडी चित्रपटांचे कुलूप हौशी संगणकतज्ज्ञांनी फोडले होते, आणि संगीताचे कुलूप अधिक भक्कम केल्याशिवाय माल बाजारात आणायला कंपन्या तयार नव्हत्या.

दोन्ही फॉरमॅट परस्परांना अपरिचित होते. एकाची चकती दुसऱ्याच्या यंत्रात चालत नसे. सोनीच्या पहिल्या यंत्राची किंमत ५,००० डॉलर होती. नकलेच्या भीतीपोटी या यंत्रांतून उच्चदर्जाचा ध्वनी आरंभी डिजिटल स्वरूपात बाहेरच पडू दिला जात नसे, त्यामुळे बहुदिश ध्वनीसाठी श्रोत्याने सहा तारा जोडाव्यात अशी अपेक्षा होती. दिवाणखान्यात पाच-सहा ध्वनिक्षेपक मांडावेत, त्यांच्या मध्यभागी खुर्ची ठेवावी आणि हलू नये, असे जणू त्या श्रोत्याचे चित्र होते. घरातील इतर माणसांनी कोठे बसावे, याचा विचार त्या चित्रात नव्हता.

परिणाम आकड्यांत दिसतो. अमेरिकेतील ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेच्या नोंदीनुसार २००३ मध्ये तेथे सुमारे ७४.६ कोटी सीडी वितरित झाल्या. सुपर ऑडिओ सीडींची संख्या १३ लाखांच्या आसपास होती आणि डीव्हीडी-ऑडिओची ४ लाखांच्या. त्याच वर्षी पिंक फ्लॉइडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून' या गाजलेल्या संग्रहाची सुपर ऑडिओ आवृत्ती निघाली होती, हे लक्षात घेतले म्हणजे हा आकडा अधिकच केविलवाणा वाटतो. शिवाय ती चकती साध्या सीडी-यंत्रातही चालत असल्याने ती घेणाऱ्या सर्वांनीच नवा थर ऐकला असेल, असे म्हणता येत नाही. सुपर ऑडिओ सीडी आजही पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या छोट्या प्रकाशकांकडून निघते. परंतु सामान्य घरात ती शिरली नाही ती नाहीच.

याच काळात दुसऱ्या टोकाला एमपी-३ उभी होती. सीडीचा प्रतिसेकंद १४११ किलोबिटांचा प्रवाह ती १२८ किलोबिटांवर आणत असे, म्हणजे सुमारे अकरावा हिस्सा. जे कानाला जाणवणार नाही असे गणिताने ठरते ते टाकून द्यायचे, असे तिचे तत्त्व. १९९९ मध्ये नॅपस्टर आले, २००१ मध्ये आयपॉड आला, २००३ मध्ये अॅपलने गाण्यांचे दुकान उघडले. एकाच क्षणी श्रोत्यासमोर दोन वाटा होत्या, अधिक ध्वनी की कमी ध्वनी, आणि त्याने कमी ध्वनीची वाट निवडली. उपरोक्त गृहीतकाचा जन्म याच निष्कर्षातून झाला आहे. प्रश्न असा की, श्रोत्याने खरोखर ध्वनीचीच निवड केली होती काय?

कानाची साक्ष

२००७ मध्ये ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरन यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. उच्चदर्जाच्या चकतीतून येणारा ध्वनी एकदा थेट ऐकवायचा आणि एकदा वाटेत सीडीच्या मर्यादेत कोंबून ऐकवायचा. कोणता कोणता ते श्रोत्याने सांगायचे. श्रोत्यांत अव्वल हौशी आणि व्यावसायिक मंडळी होती. ५५४ चाचण्यांपैकी २७६ उत्तरे बरोबर आली. नाणे उडवून उत्तरे दिली असती तरी याहून वेगळे घडले नसते. २०१६ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील जोशुआ रीस यांनी अशा १८ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यांना भेद ओळखण्याची क्षमता आढळली, पण ती अल्प होती आणि श्रोत्याला प्रशिक्षण दिल्यास वाढणारी होती. दोन्ही अभ्यासांवर आक्षेप घेतले गेले आहेत आणि पुढेही घेतले जातील. तथापि ज्या भेदासाठी तज्ज्ञाला शांत खोलीत प्रशिक्षण घ्यावे लागते, तो भेद पंखा, कुकरची शिट्टी आणि रस्त्यावरचे हॉर्न यांच्या सोबतीने गाणे ऐकणाऱ्याला जाणवला नाही म्हणून त्याला दोष कसा द्यावा? १६ बिटमध्ये सुमारे ९६ डेसिबलचा आवाका मावतो. आपल्या घरांतील नेहमीचा गोंगाटच त्याचा मोठा भाग गिळून टाकतो.

मेयर आणि मोरन यांच्या लेखातील एक निरीक्षण मात्र सहसा उद्धृत केले जात नाही, आणि प्रस्तुत लेखकास तेच सर्वांत महत्त्वाचे वाटते. त्यांना उच्चदर्जाच्या जवळजवळ सर्वच चकत्या बाजारातील बहुतेक सीडींपेक्षा चांगल्या वाटल्या. त्याचे कारण फॉरमॅट नव्हते. चोखंदळ ग्राहकासाठी काम करणाऱ्या अभियंत्याला तेथे मोकळीक मिळत होती, एवढेच. साध्या सीडी याच काळात एकमेकींपेक्षा मोठ्याने वाजण्याच्या चढाओढीत सापडल्या होत्या. हळू आणि मोठ्या स्वरांतील अंतर दाबून सगळेच मोठे केले जात होते. २००८ मध्ये मेटॅलिकाचा 'डेथ मॅग्नेटिक' हा संग्रह आला तेव्हा तीच गाणी एका संगणकीय खेळात अधिक मोकळी ऐकू येतात, हे प्रथम ओळखले ते चाहत्यांनी. सामान्य म्हणविल्या जाणाऱ्या श्रोत्यांनी सीडीतला दोष पकडला आणि त्याविरुद्ध तक्रारअर्जावर सह्या गोळा केल्या. ज्यांना चांगल्या आवाजाची चाड नाही अशांचे हे वर्तन नव्हे.

लोकांनी काय स्वीकारले

आता यशस्वी फॉरमॅटकडे पाहू. ७८ फेऱ्यांच्या तबकडीत एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटे मावत. १९४८ मध्ये आलेल्या एलपीने हा अवधी वीस मिनिटांच्या पुढे नेला. हिंदुस्थानी संगीताच्या श्रोत्याला हा फरक सांगण्यासाठी कोणा तज्ज्ञाची गरज नव्हती. तीन मिनिटांत रागाचा केवळ चेहरा दिसत असे; वीस मिनिटांत विलंबित ख्यालाला बसायला जागा मिळाली. फिलिप्सने १९६३ मध्ये आणलेली कॅसेट आवाजात एलपीपेक्षा निकृष्ट होती, पण ती श्रोत्याला स्वतः ध्वनिमुद्रण करू देत होती. पीटर मॅन्युएल यांनी 'कॅसेट कल्चर' या १९९३ च्या ग्रंथात उत्तर भारताच्या संदर्भात दाखविले आहे की, कॅसेटमुळे एका कंपनीची मक्तेदारी मोडली आणि प्रादेशिक बोलींतील गाणी बाजारात आली. १९७९ च्या वॉकमनने संगीत घराबाहेर नेले. सीडी चिरकत नव्हती, उलटावी लागत नव्हती, हवे ते गाणे तत्काळ लावता येत होते. तिच्या यशात आवाजाचा वाटा किती आणि या सोयींचा किती, हे वेगळे काढणे अवघड आहे.

या प्रत्येक साधनाने संगीताशी असलेला श्रोत्याचा व्यवहार बदलला. उलट केवळ 'तेच, पण अधिक चांगले' असे म्हणत आलेली साधने बहुधा पडली. १९७० च्या दशकातील चार ध्वनिक्षेपकांची पद्धत परस्परविसंगत प्रकारांच्या गोंधळात बुडाली. सोनीची १९७६ ची एलकॅसेट नीट आठवणारा माणूस आज शोधावा लागेल. १९८७ ची डिजिटल ऑडिओ टेप ध्वनिमुद्रणगृहांत रुळली, घरात नाही.

मराठी श्रोत्याच्या बाबतीत तर 'आवाजाचा दर्जा' आणि 'श्रवणाची उत्कटता' ही दोन टोके किती दूर असू शकतात, याचे भक्कम पुरावे आहेत. १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर पुणे आकाशवाणीवरून गदिमा आणि सुधीर फडके यांचे 'गीतरामायण' प्रसारित झाले. ५६ गीतांची ही मालिका मध्यम लहरींवर, तारसप्तकाची धार बोथट करणाऱ्या अरुंद ध्वनिपट्ट्यातून लोकांपर्यंत पोहोचली. लोक रेडिओपुढे हात जोडून बसत, त्याला हार घालत, असे जुन्या पिढीकडून आजही ऐकायला मिळते. पंडित भीमसेन जोशी यांनी अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतील ठुमरी लहानपणी तबकडीवर ऐकली आणि १९३३ मध्ये गाणे शिकण्यासाठी घर सोडले. ७८ फेऱ्यांच्या त्या तबकडीतून अकरा वर्षांच्या मुलाला जे मिळाले ते किती किलोहर्ट्झचे होते, हा प्रश्न हास्यास्पद ठरतो. केसरबाई केरकर यांची जी भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरील सुवर्णतबकडीत अवकाशात गेली, तीही साडेतीन मिनिटांचीच आहे.

अलीकडचे उदाहरण घ्यायचे तर मेमरी कार्डाचे घ्यावे लागेल. २०१० च्या आसपास आमच्या तालुक्याच्या गावी एस.टी. स्थानकाशेजारच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांवर 'गाणी भरून मिळतील' अशा पाट्या असत. दहा-वीस रुपयांत दुकानदार आपल्या संगणकावरून कार्डात शेकडो गाणी ओतून देई. लावण्या, भीमगीते, अभंग, हिंदी चित्रपटगीते, कोणाच्या तरी लग्नातील बँड, सारे एकत्र. हा व्यवहार कायदेशीर नव्हता, आणि आवाजाचे म्हणाल तर कित्येक गाणी प्रतीची प्रत, तिचीही प्रत अशी झिजत आलेली असत. परंतु ज्या शेतमजुराच्या वा रिक्षाचालकाच्या घरी एलपी कधीच नव्हती, सीडी-यंत्र नव्हते, त्याच्याजवळ आयुष्यात प्रथमच स्वतःचा असा संगीतसंग्रह आला. डॉ. अशोक दा. रानडे यांनी जनसंगीत ही स्वतंत्र कोटी मानून तिची चर्चा केली आहे. या कोटीचे प्रसारमाध्यमांशी असलेले नाते पाहू जाता, त्या पाटीखालचा व्यवहार हा अभिरुचीच्या घसरणीचा नसून संगीतावरील हक्काच्या विस्ताराचा भाग होता, असे म्हणावेसे वाटते.

सारेगामाने २०१७ मध्ये आणलेल्या 'कारवाँ' या रेडिओसदृश पेटीचे यशही याच दृष्टीने पाहावे. पाच हजार जुनी गाणी आधीच भरलेली, इंटरनेट नको, मोबाइल नको, खटका फिरवला की गायकाचे नाव निवडता येते. आई-वडिलांना ती भेट देणाऱ्यांपैकी कोणी तिच्या बिटसंख्येची चौकशी केली असेल असे वाटत नाही.

दर्जाची किंमत शून्य होते तेव्हा

गेल्या दशकात हा प्रयोग पुन्हा झाला. गायक नील यंग यांनी २०१४ मध्ये 'पोनो' या उच्चदर्जाच्या वादकयंत्रासाठी लोकवर्गणी मागितली. सुमारे १८ हजार लोकांनी ६२ लाख डॉलर दिले. यंत्राची किंमत ३९९ डॉलर होती. २०१६ मध्ये त्याचे गाण्यांचे दुकान बंद पडले, २०१७ मध्ये प्रकल्पच संपला. यंग यांच्या तळमळीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण अठरा हजार हा श्रद्धावंतांचा आकडा आहे, समाजाचा नव्हे. एमक्यूए या पद्धतीने उच्चदर्जाचा ध्वनी घडी घालून लहान प्रवाहात बसविण्याचा दावा केला होता. ती कंपनी एप्रिल २०२३ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि तिच्या प्रमुख ग्राहकाने, टायडलने, २०२४ मध्ये तिचा त्याग केला.

अॅमेझॉनने २०१९ मध्ये अक्षत ध्वनीच्या सेवेसाठी जादा शुल्क लावले होते. मे २०२१ मध्ये अॅपलने तीच गोष्ट विनाशुल्क देण्याचे जाहीर केले आणि अॅमेझॉननेही शुल्क काढून टाकले. फेब्रुवारी २०२१ मध्ये घोषणा करून बसलेल्या स्पॉटिफायने ही सोय सप्टेंबर २०२५ मध्ये दिली. वीस-बावीस वर्षे जो दर्जा जादा दाम घेऊन विकण्याचा प्रयत्न चालला होता, तो मोठ्या बाजारात असा फुकट वा फुकटासारखा वाटावा लागला. ज्या साठवणीच्या आणि वहनाच्या टंचाईपोटी एमपी-३ जन्मली, ती टंचाई सरली हे त्यामागचे एक कारण. भारतात २०१६ नंतर स्वस्त झालेल्या मोबाइल डेटाने ते आपणही अनुभवले. यातील गंमत अशी की, आता अक्षत ध्वनी फोनपर्यंत येतो आणि तेथून ब्लूटूथच्या कानगोळ्यांकडे जाताना बहुतांश वेळा पुन्हा कातरला जातो. अॅपलने आपल्या वायरलेस इअरफोनवर ब्लूटूथवरून अक्षत ध्वनी मिळत नाही हे स्वतःच स्पष्ट केले होते. तार तोडण्याची सोय आणि पूर्ण ध्वनी यांत निवड करायची वेळ आली तेव्हा लोकांनी, आणि खुद्द कंपन्यांनीही, सोय निवडली.

येथे कोणी एलपीच्या पुनरागमनाकडे बोट दाखवील. अमेरिकेत २०२२ मध्ये एलपींची संख्या सीडींपेक्षा अधिक भरली, १९८७ नंतर प्रथमच. हे खरे आहे, पण एलपी मोजमापाच्या कसोटीवर सीडीहून उणी आहे. ती घेणारा मोठे मुखपृष्ठ, हातात धरण्याजोगी वस्तू, सुई ठेवण्याचा विधी विकत घेतो. वाल्टर बेन्यामिनने यांत्रिक प्रतीमुळे कलाकृतीचे तेजोवलय मावळते असे म्हटले होते. येथे यांत्रिक प्रतच त्या तेजोवलयाची धनी झाली आहे.

प्रतीचा आणि मुळाचा प्रश्न

वरील विवेचनावरून उच्चदर्जाचे फॉरमॅट निरर्थक आहेत असा अर्थ कोणी काढू नये. त्यांना चुकीच्या दारी उभे केले गेले, एवढाच आक्षेप आहे. श्रोत्याच्या घरात त्यांचे काम थोडे आहे. संग्रहालयात ते अपरिहार्य आहे. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची मार्गदर्शिका जुन्या ध्वनिमुद्रणाची डिजिटल प्रत किमान २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर, शक्यतो ९६ किलोहर्ट्झवर घ्यावी, असे सांगते. तेथे प्रश्न आज कानाला काय जाणवते एवढाच नसतो. खरखर काढणे, वेग सुधारणे, उद्या येणाऱ्या साधनांनी पुन्हा तपासणे, यासाठी जे जे हाती आहे ते सर्व राखावे लागते. चुंबकीय फीत कुजते, ती वाजविणारी यंत्रे दुर्मीळ होत आहेत, आणि मूळ फीत गेली तर पुढची कोणतीही बिटसंख्या ती परत आणत नाही. २००८ मध्ये हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओच्या आगीत मूळ ध्वनिफिती जळाल्या, हे जगाला नीटसे कळले ते २०१९ मध्ये.

आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅं यांच्या पुढाकाराने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. शंभराहून अधिक तासांचे ध्वनिमुद्रण झाले, आणि २०१७ पासून ते 'पारी'च्या संकेतस्थळावर लोकांसाठी खुले होत गेले. त्या ओव्या फोनवर ऐकणाऱ्याला १२८ किलोबिट पुरतात. पण बाईचा श्वास कोठे तुटतो, जात्याच्या फेऱ्याशी चरणाची लय कशी बांधलेली आहे, हे उद्या तपासू पाहणाऱ्या अभ्यासकाला मुळाबरहुकूम नोंदच हवी. असे नियोजित संग्रह मोजके आहेत. कीर्तने, शाहिरांचे फड, घरगुती बैठका, भजनी मंडळांच्या स्पर्धा यांची असंख्य ध्वनिमुद्रणे घरोघरीच्या कॅसेटांत पडून आहेत आणि त्यांचे डिजिटल रूपांतर त्याच 'गाणी भरून' देणाऱ्या दुकानांत, त्याच सवयीने होत आहे.

प्रस्तुत लेखकाच्या एका सहकाऱ्याने मागील वर्षी आपल्या कीर्तनकार आजोबांच्या चौदा कॅसेट अशाच एका दुकानात दिल्या. चार दिवसांनी पेन ड्राइव्ह मिळाला. त्यात प्रत्येकी ६४ किलोबिटांच्या अठ्ठावीस एमपी-३ फायली आहेत, एका कॅसेटच्या दोन बाजू याप्रमाणे. आजोबांचा आवाज ओळखू येतो, घरच्यांना तो ऐकून भरून आले. मागे धरलेल्या टाळकऱ्यांचे टाळ मात्र पाण्यात वाजल्यासारखे ऐकू येतात. पुन्हा नीट करून घेता येईल का, म्हणून आम्ही मूळ कॅसेट मागावयास गेलो. दुकानदाराने त्या 'काम झाले म्हणून', आणि सहकाऱ्याच्या घरच्यांना फोनवर विचारूनच, टाकून दिल्या होत्या.